भात ‘बंद’ नको, किती ते सांगा

कोकणात कुणाची साखर वाढली, रक्तदाब वाढला किंवा पोट सुटलं की दवाखान्यातून बाहेर पडताना त्याच्या हातात औषधांसोबत पथ्याचा कागद असतो. त्यावर बहुतेक ओळींच्या शेवटी तेच शब्द असतात: भात बंद, नारळ बंद, आंबा बंद, काजू बंद. फणसाचं तर नावच काढायचं नाही. म्हणजे आपल्या परड्यात, मळ्यात आणि सड्यावर जे पिकतं तेवढं सगळं बंद. सगळेच डॉक्टर असं करतात असं नाही. थांबून, समजावून सांगणारेही आहेत, पण त्यांच्या दारात इतकी गर्दी असते की समजावायला वेळ उरत नाही. मग ‘बंद’ हा सोपा शब्द पडतो. माणूस पंधरा दिवस ते पाळतो, सकाळ-संध्याकाळ चपात्या लाटून घरातल्या बाईचे हात मोडतात, आणि एके दिवशी पेजेचा वास आला की सगळं पथ्य गडगडतं. एकदा मोडलं की मोडलंच.

हा सल्ला कामाचा नाही असं माझं स्पष्ट मत आहे. खाणाऱ्याला तो लहान मूल समजतो, हे मला जास्त खटकतं. त्याऐवजी माणसाला त्याच्या ताटाचा हिशोब शिकवावा. कॅलरी म्हणजे काय, आपल्याला त्या किती लागतात, आणि आपल्या रोजच्या तिखल्यातून (माशांच्या कालवणातून), भातातून, चहातून किती येतात, हे कोकणातल्या प्रत्येक घराने एकदा तरी मोजून पाहावं. आयुष्यभर नव्हे, काही आठवडे, नजर तयार होईपर्यंत. आणि त्यासाठी लागणारा आपल्या जेवणाचा, आपल्या मापांचा तक्ता तयार करून देणं हे सरकारी यंत्रणेचं काम आहे, तो आपण मागून घेतला पाहिजे.

मालवण तालुक्यातल्या आमच्या शेजारच्या काकींना असाच कागद मिळाला. “डॉक्टरान भात बंद करूक सांगल्यान हा,” त्या म्हणाल्या, “मगे मी खाऊ काय?” प्रश्न खरा होता. साठ वर्षं सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी भात, रात्री भात असं ज्यांचं चाललं त्यांना ‘बंद’ म्हणजे जेवणच बंद. आम्ही मग घरात काय काय येतं आणि कुठे जातं ते मांडून बघायचं ठरवलं. त्यातून जे निघालं ते पुढे सांगते, कारण त्या हिशोबाने पथ्याच्या कागदाची सगळी उतरंड उलटी केली.

आधी मापाबद्दल. एक किलो पाण्याचं तापमान एका अंशाने वाढवायला जितकी उष्णता लागते, ती आहारातली एक कॅलरी. शास्त्रज्ञ तिला किलोकॅलरी म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर यांनी माणसांना बंद खोलीत ठेवून, त्यांचं खाणं आणि शरीराची उष्णता मोजून जे ठोकताळे बसवले, ते आजही जगभर वापरात आहेत: प्रथिनांच्या आणि पिष्टाच्या प्रत्येक ग्रॅमला ४ कॅलरी, स्निग्धतेच्या ग्रॅमला ९. दारूच्या ग्रॅमला ७ धरतात, हे शिमग्यात आणि गटारीला लक्षात ठेवण्यासारखं आहे.

कॅलरी मोजणं हे शहरातल्या श्रीमंतांचं फॅड आहे, असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. वस्तुस्थिती अशी की या देशात कॅलरी आधी गरिबांच्या मोजल्या गेल्या, आणि त्या मोजण्यात मराठी माणसं पुढे होती. १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचा अंदाज बांधताना माणशी रोज २२५० कॅलरी हा आधार धरला. १९७९ साली योजना आयोगाच्या कार्यगटाने खेड्यासाठी २४०० आणि शहरासाठी २१०० कॅलरींवर दारिद्र्यरेषा टेकवली. पुढे २००९ साली सुरेश तेंडुलकर समितीने कॅलरीचा तो खुंटा सोडला, पण तोवर तीस वर्षं गरीब कोण हे याच आकड्याने ठरत होतं. शाळेतल्या माध्यान्ह भोजनातही हिशोब आहेच: पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं. रेशनवरच्या माणशी ५ किलो धान्याचा भागाकार केला तर दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम, म्हणजे ५८० कॅलरींच्या आसपास पडतात. सरकार आपली भूक इतकी वर्षं मोजत आलं. आता दुखणं पोटभर खाण्यातून येतंय, तर तेही मोजायला लाजायचं कशाला?

कारण दुखणं खरोखर दारात आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी मधुमेह पाहणीचे आकडे २०२३ मध्ये आले. देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह, आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर. राज्यांमध्ये सगळ्यात जास्त प्रमाण कुठलं, तर आपल्या किनाऱ्याला लागून असलेल्या गोव्याचं: २६.४ टक्के. सावंतवाडी-बांद्यापासून गोव्याची हद्द हाकेच्या अंतरावर. जेवण तेच, मासे तेच, नारळ तोच, बेकरीतले पावही तेच. गोव्याचा आकडा जसाच्या तसा सिंधुदुर्गाला लावता येणार नाही, पण तो वाचून निर्धास्त झोपणाऱ्याचं मला नवल वाटेल.

‘आमचे आजोबा टोपभर भात खायचे, त्यांना कुठे काय झालं?’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं, आणि त्याचं उत्तर आकड्यातच आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरवलेल्या प्रमाणानुसार ६५ किलोच्या, अंगमेहनत करणाऱ्या पुरुषाला दिवसाला ३४७० कॅलरी लागतात, आणि बैठं काम करणाऱ्याला २११०. ५५ किलोच्या बाईला अंगमेहनतीत २७२०, बैठ्या कामात १६६०. पुरुषाच्या दोन आकड्यांतला फरक १३६० कॅलरींचा. शिजलेल्या भाताच्या १०० ग्रॅमला साधारण १३० कॅलरी धरल्या, तर हा फरक एक किलोभर भाताचा होतो. आजोबा तो किलोभर भात कुठे जिरवत होते ते आठवा. तरवा काढायचा, गुडघाभर चिखलात लावणी करायची, भारे डोक्यावर घेऊन घाटी चढायची, झोडणी, भात कांडणं, विहिरीचं पाणी शेंदणं, बाजाराला चालत जाणं. आता निम्मे कुणगे पडीक आहेत, उरलेल्यात पॉवर टिलर फिरतो, दळप गिरणीत, पाणी नळाला, आणि वाडीच्या वरच्या घरातून खालच्या घरात जायलाही गाडीला किक. कष्ट हलके झाले याचं वाईट वाटायचं कारण नाही. बायकांची कंबरमोड थांबली, ते चांगलंच झालं. पण कष्टाच्या मापाचा भात मात्र ताटात तसाच राहिला.

त्यात आपल्या शरीराची ठेवण आड येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षं दाखवून दिलं की भारतीय बाळ जन्मतःच वजनाने कमी पण चरबीने त्या मानाने जास्त असतं. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःचा आणि इंग्लंडमधले प्राध्यापक जॉन यडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र यडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणून आपल्यासाठी वजनाची धोक्याची रेघ युरोपियनांपेक्षा खाली, बीएमआय २३ वर धरतात, आणि कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटर, बाईची ८० सेंटिमीटर. हातपाय काडीसारखे आणि बनियनच्या खाली पोट गोल, हा माणूस आपल्याकडे ‘बारीक’ म्हणून मिरवतो. तीस वर्षांवरच्या लोकांची यादी करायला आशाताई घरोघर फिरतात, त्या फॉर्ममध्ये कंबरेचं माप लिहायचं असतं. म्हणजे कंबर मोजायची सोय दारापर्यंत आली आहे. ताट मोजायची अजून आली नाही.

आता काकींचं घर. माणसं चार: काकी, काका, मुलगा, सून. सुरुवात आम्ही नारळापासून केली, कारण कागदावर तो वरच्या ओळींमध्ये होता. रोजच्या वाटपाला एक भकल, म्हणजे अर्धा नारळ, लागतं. काकींनी आडाळ्यावर खवलेला चव (खोबऱ्याचा कीस) वाटीत न घेता थेट वजनकाट्यावर घेतला: १४० ग्रॅम. ओल्या खोबऱ्याच्या १०० ग्रॅमला ३५० ते ४०० कॅलरी धरल्या तर भकलाच्या पाचशेच्या वर होतात. चार माणसांत वाटल्या तर माणशी साधारण १३०. काकींच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. त्यांना वाटत होतं, सगळं पाप नारळाचंच.

मग तेलाचा डबा. महिन्याला ५ लिटर. त्याचे साडेचार किलोच्या आसपास तेल, गुणिले ९, भागिले चार माणसं आणि तीस दिवस. माणशी रोज ३४० कॅलरी. नारळाच्या अडीचपटीहून जास्त. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दोन हजार कॅलरींच्या दिवसाच्या ताटाला तेल-तूप मिळून २७ ग्रॅम दिलंय. काकींच्या घरात ते ३८ ग्रॅमपर्यंत जात होतं, आणि यात बाहेरचे वडे, भजी, फरसाण धरलेलंच नाही. कुठे जातं इतकं? तुकडी तळण्यात. पूर्वी मासळी तव्यावर भाजल्यासारखी शेकवत, आता रव्यात घोळवून तेलात पोहायला सोडतात. कारण पर्यटकांच्या ताटात तशी दिसते आणि घरच्या पोरांनाही तशीच लागते.

मग साखर. महिन्याला ५ किलो, माणशी रोज ४२ ग्रॅम, १६५ कॅलरी. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाच्या कॅलरीच्या दहा टक्क्यांखाली ठेवा, जमलं तर पाच टक्क्यांखाली, म्हणजे दोन हजारांच्या ताटाला २५ ग्रॅम. काकी गोड खात नाहीत, असं त्या ठामपणे सांगत होत्या आणि खोटं बोलत नव्हत्या. पण दिवसाचे चार चहा, प्रत्येकात दोन चमचे, आणि कुणी आलं-गेलं की पाचवा. चहासोबत खारी, बटर, टोस्ट. तो मैदा आणि ते वनस्पती तूप कागदावर कुठल्याच ओळीत नव्हतं.

शेवटी भात. तांदूळ महिन्याला २५ किलो, गव्हाचं पीठ ५ किलो. माणशी रोज २५० ग्रॅम धान्य, ८७५ कॅलरी. आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या त्याच सूचनांमध्ये दोन हजार कॅलरींच्या ताटाला धान्य किती सांगितलंय? २५० ग्रॅम. म्हणजे जो भात पहिल्या ओळीत ‘बंद’ होता, तो घराच्या सरासरीने बरोबर मापात होता. काकींना स्वतःला दोन हजार कॅलरी लागत नाहीत, वय आणि काम पाहता सोळाशेच्या आत-बाहेर पुरतात, तेव्हा त्यांनी २५० चे २०० ग्रॅम करावेत, इतकंच. दुपारच्या दोन डवल्यांतला (डवला म्हणजे भात वाढायचा मोठा चमचा) अर्धा डवला कमी आणि रात्रीचा थोडा. तेल निम्म्यावर, साखर निम्म्यावर. तिन्ही मिळून दिवसाला चारशे कॅलरींच्या वर उतरतात. पेज राहते, नारळ राहतो, बांगड्याचं तिखलंही राहतं.

हा हिशोब करायला मोबाइल लागला नाही. वाण्याची महिन्याची यादी, एक वजनकाटा आणि शाळेत शिकलेला भागाकार, बस्स. देशातली भूक मोजणाऱ्या राष्ट्रीय नमुना पाहण्यांची रीत हीच: घरात महिन्यात काय आलं आणि काय संपलं ते विचारायचं आणि त्यावरून माणशी काढायचं. या रीतीत एक कमतरता आहे. घरातला जवान मुलगा जास्त खातो आणि सून सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खाते, हे सरासरीत दिसत नाही. ते डोळ्यांनी बघावं लागतं आणि बोलावं लागतं. पण रोज प्रत्येक घास नोंदवण्यापेक्षा ही रीत कोकणातल्या घराला जास्त झेपणारी आहे.

घासागणिक नोंदीबद्दल मला शंका का आहे, तेही सांगते. १९९२ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ‘कितीही कमी खाल्लं तरी वजन उतरत नाही’ असं म्हणणाऱ्या लोकांचं खरं खाणं शास्त्रज्ञांनी मोजलं. त्यांनी नोंदवलेलं खाणं खऱ्यापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी निघालं आणि नोंदवलेली हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त. ही माणसं लबाड नव्हती. आपण सगळेच असे विसरतो, विशेषतः उभ्या उभ्या तोंडात टाकलेलं. मनगटावरच्या घड्याळाने ‘आज इतक्या कॅलरी जाळल्या’ असं दाखवलं की तेवढा वडा वर खायला मोकळे, असं धरणाऱ्यांसाठी स्टॅनफर्डच्या २०१७ च्या अभ्यासातला निकाल: तपासलेल्या सात उपकरणांपैकी सगळ्यात अचूक उपकरणही कॅलरीच्या बाबतीत सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं. साधा हिशोब असा की ६५ किलोचा माणूस अर्धा तास झपझप चालला तर सव्वाशेच्या आत कॅलरी खर्च होतात. चालणं हृदयाला, सांध्यांना, साखरेला, झोपेला चांगलं आहे, ते करावंच. पण कोंबडी-वड्यांचं जेवण किनाऱ्यावरच्या एका फेरीत जिरत नाही.

दुसरी अडचण आकड्यांचीच. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांमध्ये ५२८ अन्नपदार्थांचं पृथक्करण आहे, आणि ते मोलाचं काम आहे. पण ते प्रामुख्याने कच्च्या जिनसांचं. रांधलेल्या मालवणी जेवणाचं नाही. मोबाइलवरच्या ॲपमध्ये ‘फिश करी’ अशी एक नोंद मिळते. कुठली? खोबऱ्याच्या दुधातली, की नुसत्या तिरफळ-मिरचीची, पाणीदार? सोलकढी म्हणून जे दिसतं त्यात नारळाचं पहिलं दूध आहे की ती बिननारळाची साधी तिवळ आहे, हे ॲपला कळत नाही, आणि कॅलरीत दोघींचा काडीचाही मेळ नाही. तारली तर वर्षभर एकसारखी नसतेच. अंडी घालायच्या हंगामाप्रमाणे तिच्या अंगातलं तेल इतकं कमी-जास्त होतं की एका महिन्याची तारली दुसऱ्या महिन्यात कितीतरी पट तेलकट निघते. हे कोळणीला बोट लावून कळतं, तक्त्याला कळत नाही.

म्हणून मग काय होतं ते चिपळूण-कुडाळच्या जिममध्ये जाणाऱ्या पोरांकडे बघा. आईने केलेली कुळथाची पिठी ॲपमध्ये सापडत नाही म्हणून ती बाजूला सारतात, आणि सापडतं ते खातात: उकडलेली कोंबडी, ओट्स, डब्यातली पावडर. कुळथात १०० ग्रॅमला वीसेक ग्रॅम प्रथिनं आहेत. नाचणीच्या १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे. बांगडा, तारली, मांदेली, तिसऱ्या दारात टोपलीने येतात. पण ॲपमध्ये त्यांचं नाव नाही, म्हणून पोरांच्या लेखी ते अन्नच नाही. मला याचं मनापासून दुःख होतं. मोजण्याने माणसाला आपल्या जेवणाची ओळख पटायला हवी, इथे त्याच मोजण्याने ती तुटतेय. दोष मोजण्याचा नाही, परक्या तक्त्याचा आहे.

आकडा अचूक नसेल तर मोजायचं तरी कशाला, असा प्रश्न इथे येणारच. उत्तर पुण्यातल्याच एका जुन्या वादात सापडतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचे संचालक राहिलेले पां. वा. सुखात्मे यांनी दारिद्र्याच्या कॅलरी-मापावर हरकत घेतली होती. धडधाकट माणसाचंही खाणं रोज, दर आठवड्याला खाली-वर होतं, शरीर काही मर्यादेत स्वतःला सावरून घेतं, तेव्हा सरासरीपेक्षा कमी दिसला तो प्रत्येक जण उपाशी म्हणता येणार नाही, असं ते सांगत. दांडेकरांना ते पटलं नाही, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला दोघांचा जाहीर वाद झाला. उपासमारीच्या प्रश्नात मी दांडेकरांच्या बाजूची आहे, कारण शरीराच्या सावरण्याचं निमित्त करून गरिबाचं ताट लहान ठरवणं सोपं होतं. पण एकेका माणसाच्या दिवसाच्या आकड्याला कवटाळू नये, हे सुखात्म्यांचं निरीक्षण घरगुती मोजणीला अगदी लागू पडतं. गणपतीत मोदक, पातोळ्या, ऋषीची भाजी, घरात वीस माणसं. त्या दिवसांत कुणी काटा काढू नये. महिन्याची सरासरी धरावी. आकडा शंभर-दीडशेने चुकला तरी तेलाचा डबा २० तारखेला संपतो की ३० तारखेला, हे चुकत नाही, आणि सुधारणा तेवढ्यावरूनही कळते.

काही लोकांनी हे स्वतःच्या मनाने करूच नये. गरोदर बाईला रोजच्यापेक्षा ३५० कॅलरी जास्त लागतात, पहिल्या सहा महिन्यांतल्या ओल्या बाळंतिणीला ६०० जास्त. तिथे कमी करण्याचा विचारही नको. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरांशी न बोलता भात अर्ध्यावर आणला तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. वाढत्या वयाच्या मुलींच्या हाती हा काटा देताना तर फार जपावं. आरशात बघून जेवण टाळण्याचा रोग आता गावातही पोहोचलाय, आणि आकडा त्याला खतपाणी घालतो. १९४४-४५ साली अमेरिकेत ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवण्याचा प्रयोग झाला होता. त्यांना दिवसाला सुमारे १५७० कॅलरी मिळत, आणि तेवढ्यानेच ती माणसं चिडचिडी, खिन्न झाली, त्यांच्या डोक्यात दिवसरात्र अन्नाखेरीज दुसरं काही येईना. वजन उतरवायचं म्हणून सात-आठशे कॅलरींवर राहणाऱ्यांनी आणि तसं राहायला सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. एक किलो चरबीमागे साधारण ७७०० कॅलरी धरतात. दिवसाला तीनशे कमी केल्या तर कागदावर महिन्याला सव्वा किलोच्या आत, प्रत्यक्षात त्याहून कमी, आणि पुढे वेग मंदावतो. तेवढं पुरे आहे.

आणि कॅलरी म्हणजे सगळं काही नाही, हेही मला मान्य आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. कॅलरीचा आकडा लोहाबद्दल काही बोलत नाही. त्याच कॅलरी कशातून येतात यावरही पुढचं खाणं ठरतं. २०१९ साली अमेरिकेत केविन हॉल यांनी वीस माणसांना दोन-दोन आठवडे दोन प्रकारचं जेवण दिलं, एकदा कारखान्यात बनलेलं पाकिटबंद आणि एकदा घरच्यासारखं रांधलेलं, दोन्ही हवं तेवढं खायची मुभा. पाकिटबंद जेवणावर माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली, आणि त्यांना ते कळलंही नाही. म्हणूनच मी सुरुवात पाकिटातल्या आणि बरणीतल्या वस्तूंच्या मोजणीने करा म्हणते. नारळ-भाताचा नंबर त्यांच्या मागून. नारळातली स्निग्धता बहुतेक संपृक्त असते, तेव्हा ज्यांचं कोलेस्टेरॉल वाढलंय त्यांना भकलाचं अर्धं भकल करावं लागेल. ते ‘किती’च्या भाषेत सांगितलं तर काकी ऐकतात, हे मी पाहिलंय. हापूसही तसाच. मध्यम आंब्याचा सव्वाशे-दीडशे ग्रॅम रस, कॅलरी नव्वदच्या आत-बाहेर, साखरेच्या दुधाळ चहाच्या एका कपाइतकी. मधुमेह असेल तर साखर तपासत, डॉक्टरांना विचारून, भाताचा डवला कमी करून एखादा आंबा बसवता येतो का, हे बघायचं. हंगाम दोन महिन्यांचा असतो आणि चहा बारा महिने.

आता मागणी. दापोलीला १९७२ पासून आपलं स्वतःचं कृषी विद्यापीठ आहे. भाताच्या जाती, आंबा, काजू, मत्स्यशास्त्र, सगळ्यावर तिथे काम झालंय. जिल्हा परिषदांचे आरोग्य विभाग आहेत, राष्ट्रीय पोषण संस्थेचे तक्ते आहेत. यांनी मिळून कोकणच्या रांधलेल्या शंभर पदार्थांचा एक तक्ता करावा. मापं ग्रॅममध्ये नकोत. वाटी, डवला, पळी, एक घावणा, एक आंबोळी, एक वडा, एक भकल, एक तुकडी अशी हवीत. तिखलं नारळासकट आणि नारळाशिवाय, बांगडा तळलेला आणि भाजलेला, सोलकढी आणि तिवळ वेगवेगळी लिहावी. शेजारी प्रथिनं आणि लोह असावं. असा कागद प्रत्येक उपकेंद्रात, प्रत्येक आशाताईंच्या पिशवीत असला म्हणजे डॉक्टरांना दोन मिनिटांत ‘बंद करा’च्या जागी ‘दोन डवल्यांचा दीड करा’ असं लिहिता येईल.

दहा किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्या साखळी हॉटेलांना मेन्यूवर कॅलरी लिहिण्याचा नियम २०२२ पासून आला आहे. मालवण-तारकर्लीच्या घरगुती खानावळींवर तो लादावा, असं मी म्हणणार नाही. तिथे चूल फुंकणाऱ्या बाईला कागदपत्रांचा आणखी जाच नको. तिने अर्ध्या भाताची थाळी आणि तव्यावर भाजलेली तुकडी फलकावर लिहिली, तरी पुष्कळ झालं. शाळांनी मात्र नक्की करावं असं एक काम आहे. सातवी-आठवीच्या मुलांच्या ताटातल्या ७०० कॅलरी स्वयंपाकघरात मोजल्या जातात. तीच मुलं सरासरी आणि शेकडेवारी गणितात शिकतात. त्यांना आपापल्या घरची वाण्याची यादी आणू द्या आणि माणशी तेल, माणशी साखर काढू द्या. यादी आणायची नसेल त्या घरावर सक्ती नको, आणि कुणाचा आकडा वर्गात मोठ्याने वाचायचाही नाही.

वर्षात ग्रामसभा ठरलेल्या असतात. १५ ऑगस्टची सभा पावसात, लावणी आटोपल्यावर, माणसं घरी असताना येते. पाखाडी आणि पथदिव्यांच्या विषयानंतर दहा मिनिटं या तक्त्यासाठी मागून घ्यावीत, ठराव करून जिल्हा परिषदेला आणि दापोलीला पाठवावा, आणि पुढच्या सभेत त्याचं उत्तर काय आलं ते इतिवृत्तातून वाचून दाखवायला सांगावं.